हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी कीर्तन होतं, नाट्यगीतं होतात, मुलांच्या स्पर्धा होतात. यंदा कार्यकारिणीने सरकारी रुग्णालयातल्या एक्स-रे विभागाच्या आम्हा मंडळींना बोलावलं आणि 'आपली हाडं आणि सांधे' असा विषय दिला. सुरुवातीलाच सांगून टाकतो, आम्ही डॉक्टर नाही. पदविका घेतलेले तंत्रज्ञ आहोत. औषध लिहून देणं, ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवणं, हे आमचं काम नव्हे. पण इंदुरात कुणी जिन्यावरून पडलं, कुणाची गाडी घसरली, कुणाचा गुडघा सुजला, की ती व्यक्ती आमच्या टेबलावर येते. हाडाचा फोटो काढताना माणूस पाच-दहा मिनिटं बोलतो. त्या बोलण्यातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. बहुतेकांना वाटतं की हाड म्हणजे शरीराच्या आत बसवलेलं वाळकं लाकूड. मोडलं की मोडलं, झिजलं की झिजलं. आजचं सगळं बोलणं हा एक गैरसमज दूर करण्यासाठी आहे.

हा गैरसमज होतो याला कारणही आहे. आपण हाड पाहतो ते चित्रात, शाळेतल्या सांगाड्यात किंवा स्मशानात. तिन्ही ठिकाणी ते मेलेलं असतं. जिवंत हाड पाहायची वेळ सहसा येत नाही. जिवंत हाड ओलं असतं, त्यात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात, पेशी असतात. म्हणून तर ते मोडलं की इतकं दुखतं.

थोडं शाळेतलं विज्ञान आठवू या. एकाच कामासाठी एकत्र आलेल्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात. माणसाच्या शरीरात ऊतींचे मुख्य प्रकार चारच. पहिली अभिस्तर ऊती, म्हणजे अस्तर: कातडीचा वरचा थर, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतली बाजू. दुसरी स्नायू ऊती, जी आखडते आणि सैल पडते, त्यातून हालचाल होते. तिसरी चेता ऊती, निरोप नेणारी आणि आणणारी: मेंदू, मज्जारज्जू, नसा. चौथी संयोजी ऊती, म्हणजे जोडणारी आणि आधार देणारी. हाड हे या चौथ्या घरातलं. त्याच घरात सांध्यातली कूर्चा आहे, हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध आहेत, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या आहेत, चरबी आहे आणि आश्चर्य वाटेल, पण रक्तही आहे. रक्त आणि हाड ही एका घरातली भावंडं. एवढंच नव्हे, तर रक्तातल्या पेशी तयार होतात त्या हाडांच्या आतल्या मगजात. जे स्वतः वाळकं लाकूड आहे ते रक्त कसं बनवील?

आता हाड कशाचं बनलेलं असतं ते पाहू. घराचा स्लॅब टाकताना सिमेंट लागतं आणि सळई लागते. नुसतं सिमेंट असेल तर स्लॅब तडकतो, नुसती सळई असेल तर वाकते. हाडाचंही तसंच आहे. त्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरसचा. ते झालं सिमेंट. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी. कोलॅजन ही सळई. एखादं लहान हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं तर खनिज विरघळून जातं आणि हाड रबरासारखं वाकतं. उलट ते आगीत गेलं तर कोलॅजन जळून जातं, आकार तसाच राहतो, पण बोटांत धरलं की भुगा होतो. उत्सवात हे बोलू नये, पण अस्थी वेचायला गेलेल्यांनी हे हातांनी अनुभवलेलं आहे. दोन्ही एकत्र असतात तेव्हाच हाड कणखरही असतं आणि थोडं लवचिकही.

ही इमारत एकदा बांधून झाली असंही नाही. हाडात दोन प्रकारचे कामगार सतत कामावर असतात. काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, काही पेशी तिथे नवं हाड भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. म्हणजे आज इथे बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात, या क्षणीही, पाडकाम आणि बांधकाम चालू आहे.

बांधकाम कुठे जास्त करायचं हे शरीर कसं ठरवतं? जिथे भार पडतो तिथे. युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ साली हा नियम पुस्तकरूपाने मांडला. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेलं आढळतं. उलट अंतराळवीरांच्या अंगावर अवकाशात भारच पडत नाही, तर त्यांच्या खुब्याच्या हाडातलं खनिज महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं. आपण अंतराळात जात नाही, पण छप्पन दुकानला पोहे खायलासुद्धा गाडीवर जातो. हाडाला त्यातून एकच निरोप मिळतो, की मालकाला आपली फारशी गरज नाही.

एक्स-रेबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण ते आमचं अन्न आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटजेन यांना हे किरण सापडले आणि त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडं आणि अंगठी दिसते. १९०१ साली पदार्थविज्ञानाचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं, आणि या शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. म्हणून आज सरकारी रुग्णालयातल्या गरिबालाही त्याचा लाभ होतो. कॅल्शियम हे किरण अडवतं, म्हणून हाड पांढरं दिसतं. मांस त्यांना फारसं अडवत नाही, म्हणून ते करडं दिसतं.

यातून दोन घोटाळे नेहमी होतात. लहान मुलाचा फोटो पाहून आई-वडील घाबरतात, कारण हाडाच्या टोकाशी आडवी काळी रेघ दिसते. ते फ्रॅक्चर नसतं. ती वाढीची पट्टी असते. तिथे कूर्चा असते, तिच्यातून हाडाची लांबी वाढते, आणि वाढ पुरी झाली की ती भरून पांढरी होते. जन्मतः बाळाच्या अंगात हाडांचे जवळजवळ ३०० तुकडे असतात. ते एकमेकांना जुळत जुळत मोठेपणी २०६ उरतात. मनगटात आठ छोटी हाडं असतात, पण जन्माच्या वेळी फोटोत बहुधा त्यांतलं एकही दिसत नाही, कारण सगळी कूर्चेची असतात. मग ती ठरावीक क्रमाने दिसू लागतात. म्हणूनच जन्माचा दाखला नसेल तेव्हा वयाचा अंदाज घेण्यासाठी मनगटाचा फोटो काढतात.

दुसरा घोटाळा मोठ्यांच्या गुडघ्याचा. फोटोत मांडीचं हाड आणि नळीचं हाड यांच्यामध्ये फट दिसते. ती फट रिकामी नसते. तिथे दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, आपण बोलताना तिला गादी म्हणतो. ती फोटोत दिसत नाही, फक्त तिची जागा दिसते. जागा अरुंद झाली म्हणजे गादी झिजली. लोक म्हणतात, "वंगण संपलं." वंगण संपत नाही. सांध्याच्या आतलं अस्तर ते तयार करतच असतं. झिजते ती गादी. या गादीत रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं ते त्या वंगणातूनच, आणि तेही स्पंजासारखं, भार पडला की दाबलं जातं, भार गेला की शोषलं जातं. म्हणजे सांधा हलला तर गादीला जेवण. "गुडघा दुखतो म्हणून चालणं बंद केलं," असं सांगणारे रोज भेटतात. त्यांनी गुडघ्याचं जेवण बंद केलेलं असतं. डॉक्टरांना विचारून झेपेल तेवढं चालावं, मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम करावा आणि वजन आटोक्यात ठेवावं. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

सांध्यांचे प्रकार समजून घ्यायला पुस्तक नको, हा उत्सव पुरे. आरतीला टाळ्या वाजवताना कोपर उघडतं-मिटतं, ती बिजागरी. लेझीम खेळताना खांदा चहूकडे फिरतो, तो उखळी सांधा, म्हणजे वाटीत बसलेला गोळा. बाप्पाच्या मूर्तीकडे मान वळवून पाहतो तेव्हा मानेचा पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या खुंटाभोवती फिरतो, ती खुंटी. आणि उकडीच्या मोदकाला कळ्या पाडताना अंगठा प्रत्येक बोटाला जाऊन भेटतो, तो अंगठ्याच्या बुडाचा खोगिरासारखा सांधा. तो नसता तर मोदकाला कळ्या पडल्या नसत्या, अक्षरही वळणदार आलं नसतं. दोन हात आणि दोन पाय, म्हणजे मनगट-पंजे आणि घोटे-पावलं, एवढ्यातच १०६ हाडं आहेत. अंगातली निम्म्याहून जास्त हाडं आपण कामाला आणि चालायला दिली आहेत.

आता मोडण्याकडे येऊ. आपल्या एकदंताचा दात तुटला तो तुटलाच. माणसाच्या दाताचंही तसंच, तुटलेला तुकडा आपोआप परत जुळत नाही. हाडाचं वेगळं आहे. कातडीची मोठी जखम भरते तेव्हा व्रण राहतो. हाड मात्र हाडानेच भरून येतं. मोडल्याबरोबर तिथे रक्त साकळतं, त्याची गाठ बनते. दोन-तीन आठवड्यांत त्या गाठीच्या जागी मऊ सांधण तयार होतं. पुढे साधारण सहा ते बारा आठवड्यांत ते कठीण होतं. मग महिनोन्‌महिने तेच कामगार त्याला घासूनपुसून आकार देत राहतात. प्लॅस्टर हाड जोडत नाही. हाड स्वतः जुळतं, प्लॅस्टर त्याला स्वस्थ बसवतं.

आता विचार करा, अशा जागी कुणी तेल लावून चोळलं तर काय होईल? आमच्या भागात हात मुरगळला की आधी पहेलवानाकडे नेण्याची रीत आहे. जुनी रीत आहे, लोकांचा विश्वास आहे, आणि साधा लचका असेल तर बरंही वाटत असेल. पण तो लचका आहे की फ्रॅक्चर, हे हाताने चाचपून नेहमी कळत नाही. विशेषतः मुलांचं कोपर. तिथे मार लागल्यावर चोळलं तर स्नायूतच हाडासारखा कठीण गोळा तयार होऊ शकतो आणि कोपर कायमचं आखडू शकतं. दुसरं, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेली पट्टी. बोटं निळी पडली, गार लागली, बधिर झाली, हलवताना असह्य दुखू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी सैल करा आणि त्याच रात्री दवाखाना गाठा. रक्त अडलं तर काही तासांत हात गमावण्याची वेळ येते. मग प्लॅस्टर डॉक्टरांनी घातलेलं असलं तरी नियम हाच.

आता ज्यासाठी खरं तर आज उभे राहिलो त्या गोष्टीकडे येतो. या सभागृहात निम्म्याहून अधिक मंडळी साठीच्या पुढची आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, कुणाची परदेशात. घरात दोघंच, किंवा एकटंच.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं थोडं रक्त आणि इतर ऊतींत असतं, आणि त्यावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल अवलंबून असते. म्हणून रक्तात ते कमी पडलं की शरीर हाडांच्या बँकेतून काढतं. तिशीपर्यंत या बँकेत भरणा जास्त असतो. नंतर हळूहळू काढणं वाढतं. स्त्रियांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत ते फार वेगाने होतं, हाडाचा पाचवा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. बाहेरून काही कळत नाही. दुखत नाही. कित्येकदा पाठीचा मणका दबून मोडतो तरी पत्ता लागत नाही, घरचे म्हणतात, "आई वयाने वाकली." उंची कमी झाली, पाठीला बाक आला, तर ते केवळ वय समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

काही वर्षांपूर्वी आमच्या टेबलावर एक आजी आल्या. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी माळ्यावरची पितळी समई काढायला स्टुलावर चढल्या आणि कुशीवर पडल्या. उठल्या, लंगडत दोन पावलं टाकली. जांघेत आणि गुडघ्यात कळ येत होती. बाम लावला, गुडघा बांधला. सणाचा विरस नको म्हणून कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, पुरणपोळ्या लाटल्या, सवाष्णींना वाढलं. तिसऱ्या दिवशी विसर्जनाच्या वेळी वळल्या आणि खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. फोटोत खुब्याजवळ मांडीच्या हाडाची मान मोडून तुकडे सरकलेले होते. डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं ते आम्ही ऐकलं. पहिल्या दिवशी हाड मोडलं असावं, पण दोन्ही टोकं एकमेकांत रुतून बसली असावीत, म्हणूनच त्या चालू शकल्या. तेव्हा आल्या असत्या तर स्क्रू बसवून त्यांचं स्वतःचं हाड राखता येण्याची शक्यता होती. आता अर्धा सांधा बदलावा लागला. आजी चालू लागल्या, पण वॉकर हातातून सुटला नाही. भगिनींनो, एक वर्ष पोळ्या विकत आणल्या असत्या तर महालक्ष्म्या रागावल्या नसत्या.

असं दुखणं लपवणाऱ्या आया, सासवा, मावश्या दर सणाला आमच्याकडे येतात. म्हणून लक्षात ठेवा. म्हातारं माणूस पडलं, त्यानंतर जांघेत किंवा गुडघ्यात दुखतंय, पाय टेकवत नाही, पडलेला पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतोय, तर खुब्याचं हाड मोडलंय असंच समजा. उभं करून पाहू नका, चोळू नका, पाय ओढू नका. आहे तसं सरळ झोपवून ठेवा आणि १०८ ला फोन करा. ऑपरेशनची शक्यता असते, म्हणून चहा-पाणीही डॉक्टरांना विचारूनच द्या. आणि चालता येतंय म्हणून मोडलं नाही, असं मानू नका. पहिल्या फोटोत काही दिसलं नाही पण दुखणं थांबत नसेल, तर पुन्हा जा. कधी कधी सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्येच भेग दिसते.

मग घरात एक वाक्य हमखास येतं, "आता या वयात ऑपरेशन कशाला? पडून राहिलं की जुळेल." हे वाक्य प्रेमापोटी येतं, आम्हाला ठाऊक आहे. पण अंथरुणावर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताच्या गुठळ्या होतात. खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचांतला एक जण वर्षभरात जातो, असं अनेक देशांतले अभ्यास सांगतात. म्हणूनच शक्य असेल तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून माणसाला लवकरात लवकर उठवून बसवावं, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. ऑपरेशन हाडासाठी असतं तितकंच फुप्फुसासाठी असतं. खर्चाची भीती असेल तर ७० वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं. पडण्याआधी ते काढून ठेवा.

पडूच नये यासाठी जे करायचं त्याला पैसा फारसा लागत नाही. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवा. ओली फरशी पुसा. रात्री पलंगापासून संडासापर्यंत एक छोटा दिवा जळत ठेवा. दारातलं सरकणारं पायपुसणं काढून टाका. माळ्यावरचं सामान सणाच्या आधी तरुणांनी काढून द्यावं. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. रात्री उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसा, मग उभे राहा. जेवणात दूध-दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी ठेवा. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमच्या वर मिळतं, तीळ तर त्याहून कितीतरी पुढे. अंगावर ऊनही घ्या, पण उघड्यावर. काचेच्या खिडकीमागे बसून त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. पाळी थांबलेल्या स्त्रियांनी हाडाची घनता तपासायची का, गोळ्या घ्यायच्या का, हे डॉक्टरांना विचारावं, शेजारणीला नव्हे.

आणि तरुणांना एकच सांगणं. आई-बाबांना फोन केलात की "जेवलात का" असं विचारता, तसंच "आज चाललात का, कुठे पडलात तर नाही ना" हेही विचारा. बहुतेक वेळा ते आपण होऊन सांगत नाहीत.

हाड जिवंत आहे. त्याला खाऊ घाला, चालवा, मोडलं तर स्वस्थ बसू द्या, आणि म्हाताऱ्या माणसाचं मोडलं तर वेळ दवडू नका. आमच्या टेबलावर तुमच्यापैकी कमीत कमी लोक यावेत, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना. 

गणपती बाप्पा मोरया!